मसुरीएवढी किडनी

चेतनला मी शंभरदा सांगितलं होतं, बाबा रे, तुझ्या त्या साइटवरचं काही आबांच्या कानावर घालू नकोस. ऐकेल तर चेतन कसला!

चेतन माझा धाकटा भाऊ. सुरतेत रिंगरोडच्या साडीवाल्या व्यापाऱ्यांना बिलाची सॉफ्टवेअरं करून देणारं एक छोटंसं ऑफिस आहे, तिथं तो प्रोग्रामर. आमच्या घराण्यात कॉम्प्युटर शिकलेला पहिला माणूस, त्यामुळं माय त्याच्या ताटात करपलेली भाकरसुद्धा पडू देत नाही. त्याला एकच नाद. परदेशातली कसलीशी साइट आहे, तिथं जगभरचे प्रोग्रामर बातम्यांच्या लिंका टाकतात. कुणी नवी कंपनी काढली, कुणी रोबो केला, कुणी चंद्रावर काय पाठवलं. बाकीचे मतं देतात, जास्त मतांची बातमी वर चढते, आणि खाली जो तो आपली अक्कल पाजळतो. चेतन सकाळी तोंड धुवायच्या आधी ती साइट उघडतो आणि त्यातल्या निवडक लिंका आपल्या ग्रुपवर टाकतो. ग्रुपमध्ये सगळी आमच्याकडचीच पोरं, कोणी कोसाडचं, कोणी बमरोलीचं, सगळी कॉम्प्युटरवाली. आणि गंमत अशी की बातमी कुणीच वाचत नाही. मथळा वाचायचा आणि थेट खालची मतं वाचायची. मी एकदा विचारलं तर मलाच म्हणतो, "ताई, आर्टिकल वाचायला टाइम कुणाला आहे? कमेंटमध्ये सगळं कळतं."

असू दे, म्हटलं. ज्याचा त्याचा नाद. तो आबांच्या किडनीपर्यंत येऊन पोहोचेल हे मला काय माहीत!

आबा म्हणजे आमचे वडील, उखा. पारोळ्याकडून सुरतेला आले आणि बमरोलीच्या एका मिलमध्ये कापड रंगवण्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. बीपी होतं, कुणी तपासलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि दोन्ही किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, असं किती दिवस ओढणार, घरातलं कुणी किडनी देत असेल तर बघा. मायला शुगर, म्हणून ती बाद. चेतनचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला, आणि पुढच्या सगळ्या तपासण्याही जुळल्या. त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरले त्या जवळजवळ नाचतच. गोपालला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन केला तर तो एवढंच म्हणाला, "दे की. त्यात मला काय विचारतेस?" मी त्याच्याशी रोज भांडते, पण असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे खरं आहे.

आबांनी मात्र ऐकल्याबरोबर पाठ फिरवली.

"आंडेरनी किडनी मी लेवाव नही."

आंडेर म्हणजे आमच्या अहिराणीत लेक. आमच्याकडे जुनी माणसं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवत नाहीत. आबा तर त्याच्याही पुढचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, कामरेजला माझ्या घरी यायचे ते पाण्याची बाटली घेऊन यायचे, आणि जाताना ती रिकामी घेऊन जायचे. मला मूल नाही. म्हणून माझ्या हातचा चहासुद्धा त्यांना चालत नाही, मी माहेरी आले की मात्र माझ्याच हातच्या चार पोळ्या मागून खातात. आता या माणसाला काय म्हणायचं?

"तुना घरनं पानी मी पेत नही, अन किडनी लेऊ?" ते म्हणाले. "तुले आजून लेकरू व्हवानं शे. तुनं पोट कसाले फाडू मी?"

डॉक्टरांनी समजावलं, किडनी दिल्यावरही बाईला मूल होतं. आबांनी मान हलवली आणि जागचे हलले नाहीत. मी रडले, भांडले, अद्वातद्वा बोलले. शेवटी माय अडून बसली. तिनं जेवणच सोडलं. ताट समोर आलं की सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करायची. ही मात्रा लागू पडली. आबा नरमले. एका संध्याकाळी म्हणाले, "दखू." आबांचं दखू म्हणजे निम्मं हो, हे घरात सगळ्यांना माहीत. माझा जीव भांड्यात पडला.

आणि त्याच रविवारी चेतन मोबाइल नाचवत बाहेर आला.

"आबा, पहिला नंबरवर शे बातमी! जगमा पहिला नंबर!"

एका कंपनीनं म्हणे प्रयोगशाळेत किडनी वाढवली. माणसाच्या अंगातल्या चार पेशी घ्यायच्या, त्या वाढवायच्या, आणि त्याच माणसाला त्याची स्वतःची नवी किडनी बसवायची. दोन वर्षांत माणसांवर सुरू करणार, असं कंपनीवाला म्हणत होता. त्याच्या आधी एकदा चेतननं डुकराच्या किडनीची बातमी आणली होती, तेव्हा आबांनी कानावर हात ठेवले होते आणि मी चेतनला बजावायला लागले होते. या वेळी ते उठून बसले.

"म्हंजे मनीच मी लेसू?"

"तुमनीच, आबा. कोनीच देवानी गरज नही."

आबांचा चेहरा असा खुलला, असा खुलला की मला वाटलं आता उठून चेतनला कडेवर घेतात. "दोन वरीस ना? काढी लेसूत," ते मायला म्हणाले. आणि मायचं ताट स्वतः तिच्यापुढं सरकवलं.

मी चेतनला दंडाला धरून बाहेर जिन्यात नेलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

"वाचलीस का पूर्ण?"

"कमेंट वाचल्या. एक डॉक्टरपण होता त्यात. तोपण बोलला, भारी काम आहे."

"आर्टिकल वाच. आत्ता. माझ्यासमोर."

तो वाचायला लागला. मोठ्यानं, इंग्रजीतून मराठी करत, अडखळत. मध्येच थांबला. किडनी उंदराच्या अंगात वाढवली होती. आणि ती पूर्ण किडनीही नव्हती, मसुरीच्या दाण्याएवढा तुकडा होता, थोडंफार काम करणारा.

"काय कप्पाळ!" मी म्हटलं. "मसुरीएवढी! आणि तू आबांना सांगून आलास?"

"ताई, तुला समजत नाही. पहिलं व्हर्जन नेहमी असंच असतं." त्याला खरंच तसं वाटत होतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. "आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा एकाच दुकानात चालायचं. तेपण बंद पडायचं. आता अख्ख्या मार्केटात चालतं. एकदा छोटं जमलं ना, मग मोठं करायला टाइम लागत नाही."

"अरे, किडनी म्हणजे दुकान नाही रे गाढवा!"

"तेच असतं गं. सगळीकडे तेच असतं."

त्याच्या धंद्यात तसंच होत असेल. कालचं चुकलेलं आज दुरुस्त करून पाठवायचं, उद्या आणखी चांगलं. माणसाच्या आतड्या-काळजाचं तसं नसतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मी त्याला ढकलतच आत नेलं आणि म्हटलं, सांग उंदराचं. त्यानं सांगितलं. खोटं तो बोलला नाही, त्या दिवशी तरी.

"आबा, आजून धाकली शे. उंदीरमा करेल शे त्यासनी."

आबा हसले. "धाकली शे ना? मंग वाढी."

झालं. त्या माणसानं दोन लेकरं वाढवली होती. लहान आहे ते वाढणारच, यापलीकडे त्यांना काही ऐकायचंच नव्हतं. मी पुन्हा बोलले, मायनं पुन्हा ताट सरकवून पाहिलं, पण आता आबांच्या हातात कारण होतं. लेकीला नाही म्हणायला लाज वाटत होती, ती लाजही गेली. आता ते नाही म्हणत नव्हते, नुसतं थांब म्हणत होते. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. थांब म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

मग सुरू झालं ते वाट बघणं. डायलिसिसला चेतन सोडायला जायचा, जाताना बाइकवर आबा त्याला विचारायचे, आज काय? तो काहीतरी सांगायचा. कंपनीला पैसे मिळाले, कंपनीनं नवे शास्त्रज्ञ घेतले, कंपनीवाल्याची मुलाखत आली. आबा आत गेले की शेजारच्या पलंगांवरच्या लोकांना सांगायचे. त्या खोलीत सगळ्या जातीधर्माची माणसं, हाताला नळ्या लावून पडलेली, आणि सगळी आमच्या आबांकडं बघायची. "उखाकाका, आजे शुं न्यूज?" असं एक गुजराती बाई तर दारातूनच ओरडायची. मिलमध्ये आबांना जन्मात कुणी काही विचारलं नाही. इथं त्यांच्या शब्दाला मान होता. किडनी येतेय, असं ते सांगायचे, "यी रायनी. तयारी चालू शे." बाई हात जोडायची.

मला ते बघवत नव्हतं. खरं सांगते, कधी कधी मलाही वाटायचं, काय सांगावं, येईलही. चेतनसारखी हुशार पोरं जगभर दिवसरात्र खपतायत, काय अशक्य आहे? मग आबांचे सुजलेले पाय दिसायचे. चपलेचे पट्टे रुतलेले. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर टेकायचे, आणि आम्ही बघू नये म्हणून जिन्यातल्या कुणाशी तरी बोलण्याचं निमित्त करायचे. मी दर वेळी म्हणायचे, आबा, चला, घ्या माझी. दर वेळी तेच, "जराखं थांब ना, माय." लाडात आले की लेकीलाही ते माय म्हणायचे.

वर्ष गेलं, त्यावरही काही महिने गेले. चेतनच्या बातम्या चालूच होत्या. पण तो सांगताना माझ्याकडं बघेनासा झाला. धाकट्या भावाला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, त्याची मान कुठं वळली की काय झालंय ते मला कळतं. मी साडीला लेस लावायचं काम घरी घेते. एका दुपारी मशीन बंद केलं, मोबाइल घेतला, आणि त्या कंपनीचं नाव घालून शोधलं. इंग्रजी मला जेमतेम येतं, पण आता मोबाइलच मराठी करून देतो.

कंपनी बंद झाली होती. केव्हाच. कंपनीवाल्यानं लांबलचक पत्र लिहिलं होतं. आमचा प्रवास फार सुंदर होता, आम्ही खूप शिकलो, सोबत दिलेल्या सगळ्यांचे आभार. किडनीचं काय झालं, ते त्या पत्रात कुठंच नव्हतं. आणि ते पत्र चेतनच्या त्याच साइटवर होतं, खाली लोकांची मतं होती. पहिलंच मत, अभिनंदन! कंपनी बुडाली आणि लोक अभिनंदन करत होते! दुसरा विचारत होता, आता पुढं काय काढणार? मी त्या मोबाइलला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. शेजारीण डोकावून गेली, एवढ्या मोठ्यानं दिल्या.

तशीच उठले आणि रिक्षानं कोसाडला माहेरी गेले. चेतन ऑफिसातून नुकताच आला होता. मी मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला.

"मग इतके दिवस आबांना काय सांगत होतास?"

तो खाली बसला. "बनवून," म्हणाला.

"बनवून?"

"मग काय सांगू? ते पलंगावरचे सगळे वाट बघतात, ताई. आबा बाइकवर बसल्या बसल्या विचारतात. मी रोज साइट बघायचो, दुसरी कुणीतरी कंपनी निघेल, दुसरी बातमी येईल, ती सांगेन, म्हणजे खोटं पडणार नाही. आलीच नाही." आणि माझा एवढा मोठा भाऊ लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

मारायला उचललेला हात माझ्याच्यानं चालवेना. मी आत गेले आणि आबांना सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. कंपनी बंद, किडनी नाही, मसूर मसूरच राहिली. चेतन खोटं बोलत होता हे तेवढं गाळलं. मायनं पदर तोंडाला लावला.

आबांनी आपल्या सुजलेल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं. तुनी दे."

मला आधी कळलंच नाही.

"तुनी दे, म्हनतस मी. तुले भलतं दुखी का?"

"नाही हो आबा," मी म्हटलं, "काहीसुद्धा नाही दुखत," आणि घळाघळा रडायला लागले. इतक्या आनंदानं मी लग्नातसुद्धा रडले नव्हते. गोपालला फोन केला, त्यानं लगेच सुट्टी टाकली. मायनं शिरा केला. त्या संध्याकाळी आमच्या घरात सण होता, आणि तेवढी एकच संध्याकाळ होती.

तपासण्या पुन्हा करायच्या होत्या. माझ्या जशाच्या तशा चांगल्या आल्या. आबांना बाहेर बसवून डॉक्टरांनी मला आणि चेतनला आत बोलावलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी हृदयाच्या तपासणीचा कागद पुढं केला, आणि तो आम्हाला कळणार नाही हे लक्षात येऊन परत उलटा ठेवला.

"मोडुं थयुं, बेन," ते म्हणाले. उशीर झाला. इतके दिवस अंगात पाणी साठत राहिलं, बीपी चढत राहिलं, हृदय झिजून गेलं. एवढं मोठं ऑपरेशन ते सोसणार नाही, टेबलावरच जातील. मी म्हटलं, औषधानं ताकद आणा, मग करा. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, मी अहमदाबादला नेते, मुंबईला नेते. ते म्हणाले, जरूर न्या, कागद देतो, पण तिथंही हेच सांगतील. मी विचारलं, तेव्हा आलो असतो तर? पहिल्यांदा जुळलं तेव्हा?

डॉक्टरांनी तो उलटा कागद फाइलमध्ये घातला आणि फाइल मिटली. चेतन माझ्या शेजारी उभा होता, त्याच्याकडं मी बघितलं नाही. बघितलं असतं तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

आम्ही अहमदाबादलाही नेलं. तिथंही तेच सांगितलं.

आबांना हे कुणी सांगायचं? मायनं शपथ घातली, हृदयाचं त्यांच्यासमोर काढायचं नाही. म्हणून मी म्हटलं, "आबा, डॉक्टर म्हणतात आत्ता नको. पुढं बघू."

आबांनी सुस्कारा सोडला. सुटल्याचा. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं व्हयनं, माय. तुनी वाचनी."

माझी वाचली! मला ती नको होती हो. माझ्या अंगात ती आजही धडधाकट काम करतेय, आणि कधी कधी मला तिचा इतका राग येतो की ती उपटून फेकून द्यावीशी वाटते.

चेतन त्यानंतर कुणाशी बोलेना. ग्रुपमधून बाहेर पडला. मला वाटलं, सुटला एकदाचा त्या नादातून. पण मग एके दिवशी डायलिसिसच्या खोलीत मी आबांजवळ बसले असताना तो आला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. त्यानं त्या साइटवर स्वतः लिहिलं होतं. सगळं. आबांचं, माझं, मसुरीचं, त्यानं बनवलेल्या बातम्यांचं. मथळा होता, माझ्या वडिलांनी एका बातमीवर विश्वास ठेवून माझ्या बहिणीची किडनी नाकारली.

"पहिल्या नंबरवर आहे, ताई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काय होतं ते मला सांगता येणार नाही. अभिमान नव्हता. पण अगदीच नव्हता असंही नाही.

खाली मतांचा ढीग पडला होता, आणि तो मला मराठी करून वाचून दाखवायला लागला. एकानं लिहिलं होतं, चूक पत्रकारांची. दुसरा म्हणे, पत्रकारांची कशी, कंपनीवाल्यानं दोन वर्षं म्हणायला नको होतं. तिसऱ्यानं विचारलं होतं, याला काही पुरावा आहे का. एकजण म्हणत होता की भारतात संस्कृतीचाच प्रॉब्लेम आहे, त्याच्यावर वीसेकजण तुटून पडले होते. एकानं चेतनचं इंग्रजी सुधारून दिलं होतं. दोघांचं डायलिसिसच्या मशीनमध्ये कुठलं सॉफ्टवेअर असतं यावरून जुंपलं होतं. "फार वाईट वाटलं" असंही बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, एका ओळीत.

"बस कर," मी म्हटलं.

आबांचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपलेत. पण ते ऐकत होते.

"कोन शेतस रे त्या?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवाला, आबा. जगभरना."

"किडनी करनारा?"

चेतननं माझ्याकडं बघितलं. मी नळीकडं बघत होते, तिच्यातून आबांचं रक्त मशीनकडं चाललं होतं. खोटं बोलू नकोस, असं मला म्हणायचं होतं. म्हणवलं नाही.

"हां," चेतन म्हणाला. "तुमनं इचारतस."

आबा उठायला लागले, मी त्यांना धरून मागं टेकवलं. पलीकडच्या पलंगावरची ती गुजराती बाई मान वळवून ऐकत होती.

"त्यासले सांग, मी वाट देखी रायनू," आबा म्हणाले. "आंडेरनी माले लेवानी नही. जराखं बिगी करा म्हना."

चेतन इंग्रजीत लिहायला लागला. दोनदा चुकलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाठवलं. आम्ही बसून राहिलो. तोवर त्याची पोस्ट घसरत दुसऱ्या पानावर गेली होती आणि वर कसल्याशा नव्या फोनची बातमी आली होती. आबांच्या वाक्याखाली कुणीच काही लिहिलं नाही.

"काय म्हनतस त्या?" आबांनी विचारलं.

चेतननं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"करतायत, आबा," मी म्हटलं. "घाईच करतायत."